गोल्फसाठी लेझर रेंजफाइंडर घ्यावा की जीपीएसचे घड्याळ?

आपण आठवड्यातून एकदा खेळता आणि क्लबच्या स्पर्धांतही उतरू इच्छिता, म्हणून माझा कौल घड्याळाकडे आहे. लेझर यंत्र छिद्रात रोवलेल्या झेंड्यावर रोखले की जवळजवळ यार्डापर्यंत अचूक अंतर देते. मात्र झेंडा दिसायला हवा, हात स्थिर हवा, आणि मागे दाट झाडी असल्यास किरण झाडावरून परतून २०-३० यार्ड जास्त दाखवण्याची शक्यता असते. घड्याळ वळणाच्या होलवर किंवा उंचवट्याआडूनही ग्रीनचा (छिद्राभोवतीच्या बारीक गवताच्या भागाचा) पुढचा काठ, मध्य आणि मागचा काठ अशी तीन अंतरे सांगते, पण त्या दिवशी झेंडा नेमका कुठे रोवला आहे हे त्याला सहसा ठाऊक नसते. अर्थात, ज्याचा फटका दर वेळी दहा यार्ड इकडेतिकडे पडतो (आपल्यापैकी बहुतेकांचा पडतो), त्याला एका यार्डाची अचूकता फारशी उपयोगाची नाही.

आपल्या मैदानाचा नकाशा घड्याळात आहे का, हे आधी तपासावे. तरीही लेझरच घ्यायचे ठरल्यास, चढउताराचा हिशेब करणारी ‘स्लोप’ सुविधा बंद करता येणारे मॉडेल निवडावे. २०१९ पासून लागू असलेला गोल्फचा नियम ४.३ अंतर मोजू देतो, परंतु उंचीतील फरक मोजल्यास स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून निकाल लावण्याच्या प्रकारात) पहिल्याच वेळी दोन फटक्यांचा दंड बसतो.