वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील वर्णभेदी शाळा आणि निकालानंतरची वर्षे

अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीवरील आमच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे शाळांच्या लढ्याविषयी होती. त्यांतील चार प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली घटनाबाह्य ठरवल्या, असे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवले. मग १९५७ साली अवघ्या नऊ विद्यार्थ्यांना शाळेत पोचवण्यासाठी राष्ट्राध्यक्षांना सैन्य का पाठवावे लागले? सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अखेरचा नव्हता का?
– एक निवृत्त इतिहास शिक्षक

उत्तर : आपण जे शिकवले ते बरोबरच आहे, पण ती अर्धीच हकीकत आहे. १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी नऊही न्यायमूर्तींच्या वतीने एकमताचा निकाल वाचून दाखवला आणि १८९६ पासून चालत आलेले ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व सरकारी शाळांपुरते मोडीत काढले. मात्र शाळा कधीपर्यंत आणि कोणत्या रीतीने एकत्र करायच्या, याविषयी त्या निकालात काहीही नव्हते. तो भाग न्यायालयाने राखून ठेवला आणि ३१ मे १९५५ रोजी दुसरा निकाल दिला. त्यात मुदत घातली नाही. काम विचारपूर्वक पण वेगाने व्हावे अशा अर्थाचे शब्द वापरले आणि देखरेखीची जबाबदारी त्या त्या भागातील संघीय जिल्हा न्यायालयांवर टाकली. ज्यांना काही करायचेच नव्हते त्यांना एवढी फट पुरेशी होती. मुदत न घालणे ही त्या न्यायालयाची फार मोठी चूक होती असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यानंतरच्या प्रत्येक विलंबाची किंमत शाळकरी मुलांनी मोजली.

दक्षिणेकडील राज्यांनी ही फट कशी रुंदावली ते पाहण्यासारखे आहे. मार्च १९५६ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, १०१ दाक्षिणात्य सदस्यांनी जाहीरनामा काढून या निकालाला कायदेशीर मार्गांनी विरोध करण्याची शपथ घेतली. व्हर्जिनिया राज्याने तर एकत्र होणारी शाळा बंद करण्याची तरतूदच कायद्यात केली. गावोगाव ‘सिटिझन्स कौन्सिल’ नावाच्या गोऱ्या नागरिकांच्या संघटना उभ्या राहिल्या. त्यांचे हत्यार प्रामुख्याने आर्थिक होते : शाळेच्या अर्जावर सही करणाऱ्याची नोकरी घालवायची, कर्ज नाकारायचे, दुकानात उधारी बंद करायची.

आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक हे शहर या बाबतीत त्यातल्या त्यात सौम्य मानले जात होते. तेथील शाळा मंडळाने स्वतःच टप्प्याटप्प्याची योजना आखली होती आणि सेंट्रल हायस्कूलसाठी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले होते. असे असताना शाळा उघडण्याच्या तोंडावर गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी राज्याचे नॅशनल गार्ड हे राखीव सैनिकदल शाळेभोवती उभे केले आणि त्या मुलांना अडवले. ४ सप्टेंबर १९५७ रोजी पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड तेथे एकटीच पोचली. बाकीच्यांनी एकत्र जमून जायचे असा निरोप फिरला होता, पण एकफर्ड कुटुंबाकडे टेलिफोन नसल्यामुळे तो तिच्यापर्यंत पोचला नाही. शाळेच्या पहिल्या दिवसासाठी शिवलेला नवा पोशाख तिच्या अंगात होता, डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि छातीशी वही धरलेली होती. सैनिकांनी तिला आत सोडले नाही तेव्हा ती मागे वळली आणि अंगावर ओरडणाऱ्या जमावातून चालत बसथांब्याच्या बाकापर्यंत गेली. न्यायालयाच्या आदेशानंतर नॅशनल गार्ड हटले. २३ सप्टेंबरला नऊही जण आत गेले, पण बाहेरचा जमाव आवरेना म्हणून दुपारपर्यंत त्यांना बाहेर काढावे लागले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले आणि २५ सप्टेंबरला मुले त्यांच्या बंदोबस्तात वर्गात बसली.

आयझेनहॉवर यांना शाळा एकत्र होण्याविषयी विशेष आस्था नव्हती. एका राज्याने संघराज्याचा आदेश उघडपणे झुगारला, हे मात्र त्यांना चालण्यासारखे नव्हते. सैन्य शाळेच्या दारापर्यंत आणि वर्गाबाहेरच्या बोळांपर्यंत पुरले. वर्गात, जिन्यावर आणि जेवणघरात वर्षभर जे ढकलणे, थुंकणे आणि शिवीगाळ चालले त्याला ते पुरले नाही. पुढल्या वर्षी फॉबस यांनी शहरातील हायस्कुलेच बंद केली आणि १९५८–५९ हे वर्ष काळ्या व गोऱ्या अशा दोन्ही विद्यार्थ्यांचे वाया गेले.

आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर त्यामुळे असे की, न्यायालयाचा शब्द अखेरचा असला तरी तो अमलात आणणारे हात न्यायालयाकडे नव्हते. निकालाला दहा वर्षे झाली तेव्हा दक्षिणेतील शंभर कृष्णवर्णीय मुलांपैकी जेमतेम एक-दोन गोऱ्या मुलांबरोबर शिकत होती. चित्र बदलू लागले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. वर्णभेद करणाऱ्या संस्थेचा संघीय निधी तोडण्याची तरतूद त्यात होती, आणि १९६५ च्या शिक्षण कायद्याने शाळांना मोठा संघीय निधी मिळू लागल्यावर त्या तरतुदीला धार आली. पाठोपाठ १९६८ आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने आता विलंब खपवून घेतला जाणार नाही, दुहेरी शाळा ताबडतोब संपवा, असे बजावले. म्हणजे १९५५ साली जे म्हणायला हवे होते ते चौदा वर्षांनी म्हटले गेले.

प्रश्न : मार्शलांच्या पहाऱ्यात शाळेत जाणाऱ्या रूबी ब्रिजेस या सहा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र पाहून मी अस्वस्थ झाले. मोठ्यांच्या लढाईत मुलांना पुढे करणे मला आई म्हणून पटत नाही. हे टाळता आले नसते का?
– एक वाचक

उत्तर : आपली अस्वस्थता रास्त आहे. तत्त्वचिंतक हाना आरेंट यांनी १९५९ साली लिटल रॉकविषयी लिहिताना जवळपास हाच प्रश्न विचारला होता : जी समस्या मोठ्यांना सोडवता आली नाही ती मुलांच्या खांद्यावर का? त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी म्हटले की, या आईबापांच्या मनात काय चालले होते याची आरेंट यांना कल्पनाच नाही. दहशतीला सामोरे कसे जायचे हे काळ्या मुलांना या ना त्या वळणावर शिकावेच लागते आणि आईबापांना ते ठाऊक असते. पुढे आरेंट यांनी एलिसन यांना पत्र लिहून त्यांचे म्हणणे मान्य केले.

या आईबापांनी काय पणाला लावले होते हे जाणून घ्यायला हवे. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्समधील विल्यम फ्रँट्झ शाळेत रूबीला चार संघीय मार्शलांनी, म्हणजे केंद्र सरकारच्या पोलीस अधिकाऱ्यांनी, नेले. त्याच दिवशी त्याच शहरातील दुसऱ्या एका शाळेत आणखी तीन लहान मुली गेल्या. त्यांची आठवण फारशी काढली जात नाही. रूबीच्या शाळेतून गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून घेतली. तिला शिकवायला एकच शिक्षिका तयार झाल्या, बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री, आणि त्या वर्षभर एकट्या रूबीचा वर्ग घेत राहिल्या. बाहेर उभी असलेली एक बाई विष घालण्याची धमकी रोज देत असे, म्हणून रूबीने घरून आणलेलेच खावे असे ठरले. तिच्या वडिलांची पेट्रोल पंपावरील नोकरी गेली. मिसिसिपीत वाट्याने शेती करणाऱ्या आजी-आजोबांना जमीन सोडावी लागली. दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेंडन काउंटीत (जिल्ह्यात) तर सुरुवातीची मागणी केवळ मुलांसाठी एका बसची होती, तरी ज्यांच्या नावाने खटला उभा राहिला त्या हॅरी ब्रिग्ज यांचा आणि त्यांच्या पत्नीचा, दोघांचाही रोजगार गेला. पालकांना संघटित करणारे पाद्री जोसेफ डीलेन यांचे घर जळाले आणि अखेरीस त्यांना राज्य सोडून जावे लागले.

टाळता आले नसते का, या प्रश्नाला माझे उत्तर आहे की, दाद मागायची झाली तर ते टाळता येत नव्हते. शाळेत बसण्याचा हक्क मुलाचा असतो, आणि तो बजावायला मूलच शाळेत जावे लागते. मोठ्यांनी मुलांऐवजी पुढे व्हायला हवे होते हे खरेच. पण ते पुढे व्हायला हवे होते गव्हर्नरच्या कचेरीत, शाळा मंडळात आणि गोऱ्यांच्या चर्चमध्ये. तेथील मोठ्यांनी पाठ फिरवल्यामुळे सहा वर्षांच्या मुलीला पहाऱ्यात जावे लागले. दोष द्यायचाच तर तो त्या मोठ्यांना द्यावा लागेल.

शिवाय सर्वच मुलांना कोणी पुढे केले होते असेही नाही. व्हर्जिनियातील फार्मव्हिल गावी रॉबर्ट मोटन हायस्कूल ही काळ्या मुलांची शाळा होती. १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या त्या शाळेत साडेचारशेच्या वर मुले कोंबलेली होती. वाढीव वर्ग भरत ते लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून उभारलेल्या खोपट्यांत. हिवाळ्यात शेगडीजवळची मुले भाजून निघत आणि लांबची मुले कोट घालून कुडकुडत. पावसात छत गळे. मंडळाकडे केलेल्या अर्जांचा उपयोग होत नाही हे पाहून सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स हिने काही सोबत्यांसह गुपचूप बेत आखला. २३ एप्रिल १९५१ रोजी खोटा फोन करून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर पाठवण्यात आले, सगळी शाळा सभागृहात बोलावण्यात आली, आणि पडदा सरकला तेव्हा व्यासपीठावर बार्बरा उभी होती. तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली आणि विद्यार्थ्यांना संपावर नेले. मुख्याध्यापकांना मुद्दाम दूर ठेवले होते, कारण संपाचा ठपका त्यांच्यावर यायला नको होता. मुलांना आधी नवी इमारत हवी होती. नागरी हक्क संघटनेच्या वकिलांनी सांगितले की वेगळ्या शाळांच्या पद्धतीलाच आव्हान देणार असाल तर आम्ही उभे राहू, आणि मुलांनी व पालकांनी ते मान्य केले. ‘ब्राउन’ निकालात जे पाच खटले एकत्र ऐकले गेले त्यांतील एक हा होता, आणि तो विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिला होता.

फार्मव्हिल ज्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत आहे त्याच काउंटीने १९५९ साली एकत्रीकरण टाळण्यासाठी आपल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावले. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकादमी निघाली आणि तिला सरकारी शिष्यवृत्त्यांचा व करसवलतींचा हातभार लागला. सुमारे १७०० काळी मुले मात्र शाळेविना राहिली. काहींना परगावी नातेवाइकांकडे किंवा अनोळखी कुटुंबांत पाठवले गेले, काही चर्चच्या तळघरात जमेल तेवढे शिकली, आणि अनेक मुलांचे शिक्षण कायमचे सुटले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या, तेव्हा पहिलीच्या वयात घरी बसलेले मूल अकरा वर्षांचे झाले होते. मुले पुढे झाली तेव्हा त्यांनी सोसले. पण या काउंटीतील मुले घरात बसूनही सोसण्यातून सुटली नाहीत.

प्रश्न : शाळा एकत्र झाल्यावर कृष्णवर्णीय शिक्षकांचे काय झाले?
– एक शिक्षिका

उत्तर : हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. एकत्रीकरण बहुतेक ठिकाणी एकाच दिशेने झाले : काळ्यांची शाळा बंद करायची आणि तेथील मुले गोऱ्यांच्या शाळेत पाठवायची. गोऱ्या मुलांना काळ्या शिक्षकाच्या हाताखाली बसवायला शाळा मंडळे तयार नव्हती, त्यामुळे अनुभवी शिक्षकांना नारळ मिळाला आणि मुख्याध्यापकांना दुय्यम कामे देण्यात आली. कॅन्ससमधील ज्या टोपीका शहरावरून ‘ब्राउन’ खटला ओळखला जातो तेथे तर निकाल येण्याआधीच, १९५३ साली, काही काळ्या शिक्षकांना पुढील वर्षाचा करार होणार नाही अशी पत्रे गेली होती. वेगळ्या शाळा गरीब होत्या म्हणून त्या वाईटच होत्या असे समजू नये. वॉशिंग्टनच्या डनबार हायस्कूलमध्ये डॉक्टरेट मिळवलेले शिक्षक होते, कारण गोऱ्या विद्यापीठांची दारे त्यांना बंद होती. हे ज्ञान आणि हा मुलांविषयीचा जिव्हाळा एकत्र झालेल्या शाळांत यायला हवा होता. तो फारसा आला नाही, आणि या लढ्याच्या इतिहासातले हे नुकसान मला सर्वांत जास्त सलते.

प्रश्न : हा केवळ दक्षिणेचा प्रश्न होता का? आजही तेथील शाळा वेगळ्या असल्याचे ऐकतो, ते कसे?
– एक विद्यार्थी

उत्तर : दक्षिणेत कायदा मुलांना वेगळे करत होता, उत्तरेत ते काम वस्त्यांनी केले. काळ्या कुटुंबांना ठरावीक भागांत घर आणि कर्ज नाकारले जाई, शाळांच्या हद्दी त्या वस्त्यांप्रमाणे आखल्या जात, आणि नियमात वंशाचा उल्लेखही न करता शाळा वेगळ्या राहत. त्याविरुद्ध ३ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यू यॉर्क शहरातील साडेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला. १९७४ साली बॉस्टनमध्ये न्यायालयाच्या आदेशाने मुलांना बसने एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीतील शाळेत नेऊ लागल्यावर साउथ बॉस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले.

दुहेरी शाळा मोडण्याची ताकद पुढे कशी ओसरली हे समजण्यासाठी त्याच वर्षीचा डेट्रॉइटचा निकाल पाहावा. शहरातील शाळांत बहुसंख्य काळी मुले आणि भोवतालच्या उपनगरांत गोरी, अशी स्थिती असताना उपनगरांनाही योजनेत सामील करावे असे खालच्या न्यायालयाने म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते फिरवले : उपनगरांच्या शाळा मंडळांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध होत नाही तोवर त्यांना ओढता येणार नाही. ‘ब्राउन’ खटल्यात वकील म्हणून उभे राहिलेले थर्गुड मार्शल आता न्यायमूर्ती होते. त्यांनी भिन्नमत नोंदवून हे फार मोठे मागे जाणे आहे असे लिहिले. आदल्या वर्षी टेक्सासच्या एका खटल्यात, शाळांचा खर्च स्थानिक मालमत्ता करावर अवलंबून असल्यामुळे श्रीमंत व गरीब भागांत पडणारी तफावत घटनाबाह्य नाही, असेही ठरले होते. त्यामुळे ज्याला परवडते ते कुटुंब हद्दीपलीकडे राहायला जाते आणि आपला कर व आपली मुले दोन्ही सोबत नेते. २००७ साली सिएटल आणि लुइव्हिल येथील शाळा मंडळे स्वखुशीने वंश पाहून प्रवेशाचा समतोल राखत होती, त्या योजनाही न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केल्या. आज मंडळे घरचे उत्पन्न, वस्ती किंवा विशेष अभ्यासक्रमांच्या शाळा अशा वाटांनी मुलांना एकत्र आणू पाहतात. शाळा मंडळांच्या हद्दी मात्र बहुतेक ठिकाणी जशाच्या तशा आहेत.