दहावी झाली, मुलीला डॉक्टर व्हायचंय. अकरावीला लातूरला पाठवू की इथेच तालुक्याच्या कॉलेजात घालू?

कॉलेजच्या नावापेक्षा आधी मुलीला विचारा, घरापासून लांब राहायची तिची तयारी आहे का. लातूरला राजर्षी शाहू, दयानंद ही कॉलेजं नावाजलेली आहेत, अभ्यासाचं वातावरणही आहे. पण होस्टेल, मेस आणि दर आठवड्याची टेस्ट सगळ्यांना झेपत नाही.

नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. तिच्या ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, आणि ते बरंचसं एनसीईआरटीच्या (केंद्राच्या अभ्यासक्रमाच्या) पुस्तकातूनच येतं. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा फ्लेक्सवरचे टॉपर मोजू नका (एकच फोटो तीन क्लासच्या फ्लेक्सवर असतो!). फिजिक्स कोण शिकवतं आणि सर मध्येच सोडून जातात का, ते तिथल्या बारावीच्या पोरांना विचारा. आपल्याकडची बरीच मुलं फिजिक्सलाच अडकतात.

‘इंटिग्रेटेड’वाले (कॉलेज आणि क्लास एकत्र चालवणारे) हजेरी लावायची गरज नाही म्हणतात. प्रॅक्टिकल बुडतात, आणि मेडिकलला जायचं तर बारावीला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून) खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतातच.

क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवायचा विचार असेल तर एक सांगतो: बारावी राजस्थानातून केली, तर आपल्या ८५ टक्के राज्य कोट्यावर (सरकारी मेडिकल कॉलेजात आपल्या राज्यातल्या मुलांसाठी असलेल्या जागांवर) सहसा पाणी सोडावं लागतं.