वाचकांचे प्रश्न : कूलर, पंखा, छत आणि मे महिन्याचं बिल

(उत्तरं देणारे आमचे स्तंभलेखक नागपुरात मोटार वाइंडिंग आणि कूलर दुरुस्तीचं काम करतात.)

प्रश्न : दादा, आमचा लोखंडी कूलर यंदा नुसती गरम हवा फेकतो आहे. मुलं म्हणतात, हा भंगारात द्या आणि दीड टनाचा एसी घ्या. मार्चमध्ये आमचं बिल १८० युनिटांचं होतं. एसी घेतला तर किती वाढेल? – एक गृहिणी, अकोला

उत्तर : ताई, आधी हिशेब सांगतो. मोठ्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून साधारण २०० वॅट घेतात. दिवसाला दहा तास चालवला तर दोन युनिट, महिन्याला साठ. दीड टनाचा एसी अकोल्याच्या मे महिन्यात दहा तास चालला, तर दिवसाला दहा-बारा युनिट कुठेच गेले नाहीत. म्हणजे महिन्याला तीनशेच्या वर. तुमचे १८० त्यात मिळवा. तुम्ही थेट पाचशेच्या आसपास जाता, आणि तीनशेच्या पुढचं प्रत्येक युनिट आणखी महाग दराने पडतं.

आता कूलरबद्दल. माझ्याकडे ‘गार करत नाही’ म्हणून येणाऱ्या कूलरमध्ये मोटार क्वचितच बिघडलेली असते. दोष असतो तो ताट्यांत (पेटीच्या बाजूंना बसवलेल्या गवताच्या पडद्यांत), पाण्याच्या नळीत किंवा कूलर ठेवण्याच्या जागेत. कूलर चालू करून दहा मिनिटं ताट्या भिजू द्या. मग बटण बंद करा, प्लग काढा आणि बाजूची जाळी उतरवून ताटीकडे नीट पाहा. वरपासून खालपर्यंत ती सारखी ओली दिसली पाहिजे. मध्येच कोरडे पट्टे दिसले, तर वरच्या नळीची भोकं क्षाराने बुजलेली आहेत. त्या कोरड्या पट्ट्यातून बाहेरची ४३ अंशांची हवा जशीच्या तशी खोलीत येते आणि उरलेल्या ताटीची मेहनत फुकट जाते. सायकलच्या स्पोकने एकेक भोक मोकळं करा. पंपाची जाळी काढून ब्रशने घासा.

ताटीतल्या गवतावर पांढरा थर चढून ती कडक झाली असेल, तर ती धुऊन परत बसवण्यात अर्थ नाही. बोअरच्या पाण्याने हे फार लवकर होतं. नवं वुडवुल (लाकडाच्या बारीक कातरणाचं गवत) भरून घ्या, हा खर्च दरवर्षीचा समजा. वाळा मिळाला तर वास छान येतो, पण तो जास्त दाबून भरला की हवा अडते. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करा. क्षार साचत नाहीत आणि डेंग्यूच्या डासांची अंडीही राहत नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ताई. कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावून घेता का? बहुतेक घरांत हेच चालतं. कूलरने पाठीमागून बाहेरची कोरडी हवा ओढली पाहिजे आणि तेवढीच हवा खोलीतून बाहेर जायला वाट पाहिजे. नाहीतर तीच दमट हवा गोल गोल फिरते, तासाभरात अंग चिकचिकतं आणि आपण कूलरला नावं ठेवतो. कूलर खिडकीत बसवा, समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. त्या फटीत वर्तमानपत्राची पट्टी धरून पाहा, ती बाहेरच्या बाजूला फडफडली पाहिजे.

हे सगळं जमलं तर काय मिळतं, तेही सांगतो. बाहेर ४३ अंश आणि हवेत जेमतेम १५ टक्के आर्द्रता असताना चांगल्या ताटीचा कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. एक लिटर पाणी उडताना जवळजवळ दोन तृतीयांश युनिट वीजेइतकी उष्णता हवेतून शोषून घेतं. विदर्भाची कोरडी हवा हे काम फुकट करून देते. जुन्या कूलरवर हजार-दीड हजार खर्च करून पाहा. तरी भागलं नाही, तर एसीचा विचार खुशाल करा.

प्रश्न : मग डोंबिवलीत आम्ही कूलर घ्यावा का? वर्ध्याचे सासरे आग्रह करत आहेत. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घेऊ नका. तुमच्याकडे ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर कूलर हवा फार तर चार-पाच अंशांनी उतरवेल आणि वर घर ओलं करेल. सासऱ्यांचं त्यांच्या गावापुरतं बरोबर आहे. तुम्ही एसी २६ वर ठेवा आणि सोबत छताचा पंखा मंद चालू ठेवा. तापमान एक अंशाने वाढवलं तर वीज सुमारे सहा टक्के वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. स्टार लेबलचे एसी २०२० पासून २४ अंशांवरच सुरू होतात ते याच कारणाने. १८ वर ठेवला म्हणून खोली लवकर गार होते, हा गैरसमज आहे. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा.

प्रश्न : आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. रात्री अकरा वाजताही छतातून वाफा येतात. पंखा चालू असूनही झोप लागत नाही. फॉल्स सीलिंग करावं का? – निवृत्त शिक्षक, वर्धा

उत्तर : गुरुजी, फॉल्स सीलिंगचा खर्च नंतर करा, आधी गच्चीवर जा. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून ते खोलीत सोडतो. तापलेल्या स्लॅबखालचा पंखा वरची गरम हवाच खाली ढकलतो. म्हणून ऊन स्लॅबवर पोचण्याआधीच परतवायचं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चुना. गच्ची खराट्याने घासून शेवाळ आणि माती काढा, धुवा, वाळू द्या. चुनकळी रात्रभर विरवून गाळून घ्या, धरण्यासाठी त्यात थोडं पांढरं सिमेंट घाला आणि कुंच्याने उभे-आडवे दोन हात मारा. पहिला हात सकाळी लवकर मारा, कारण तापल्या स्लॅबवर चुना लगेच सुकून भुकटी होतो. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घातल्याशिवाय चुन्याला हात लावू नका. पावसात तो धुपतो, पुढच्या वर्षी पुन्हा मारावा लागतो. एकदाच खर्च करायचा असेल, तर छतासाठीचा पांढरा रंग घ्या किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा मोझॅक करून घ्या. अहमदाबाद महापालिकेने उष्णतेच्या लाटेसाठी २०१३ मध्ये आराखडा केला, आणि गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं काम पुढे त्याचाच भाग झालं. म्हणजे हा फक्त आजीच्या काळचा उपाय नाही.

हिरवी नेट लावायची असेल, तर बांबूवर डोक्याइतक्या उंचीवर ताणा. स्लॅबवर अंथरलेली नेट उपयोगाची नाही, मधून हवा खेळली पाहिजे. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चिक टांगा. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदा ते बाहेर काढू शकत नाही.

प्रश्न : आमचे युनिट मार्चमध्ये १४० होते, मेमध्ये २९० झाले. म्हणजे दुप्पट. पण बिल जवळपास अडीच पट आलं. वर आणखी एक वेगळं बिल आलं आहे. मीटर वेगाने पळतो आहे का? – किराणा दुकानदार, यवतमाळ

उत्तर : मीटरला दोष देण्याआधी बिलाची मागची बाजू वाचा. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांचे आहेत. शंभरानंतर वीज आकाराचा दर दुपटीहून जास्त होतो. मार्चमध्ये तुमचे चाळीसच युनिट महागड्या टप्प्यात होते, मेमध्ये एकशे नव्वद. त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा), स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. अडीच पट असं होतं. एक मात्र लक्षात ठेवा, तीनशेची रेषा ओलांडली म्हणून आधीच्या सगळ्या युनिटांना वरचा दर लागत नाही. वरच्या युनिटांनाच लागतो.

वेगळा आलेला कागद बहुधा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा असेल. वर्षभराच्या वापरावरून ती दरवर्षी ठरते आणि मागणी नेमकी उन्हाळ्यात येते. त्या ठेवीवर व्याजही मिळतं, ते बिलात जमा दिसतं का पाहा.

तरी शंका असेल तर घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लग काढा आणि मीटरचा लाल दिवा पाहा. त्याचं लुकलुकणं थांबलं पाहिजे. थांबलं नाही, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा तुमच्या लाइनवर दुसऱ्या कुणाचं कनेक्शन आहे. मग कारागीर बोलवा.

प्रश्न : खोलीत तीन पंखे आहेत, नवे वीज वाचवणारे घेतले तर पैसे वसूल होतात का? – विद्यार्थी, अमरावती

उत्तर : रात्रंदिवस चालतो तो एक बदला. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा नवा पंखा) ३० च्या आसपास. पंधरा तास चालला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. शंभरच्या पुढच्या दराने ते दोनशे रुपयांच्या वर जातात. बाकीचे दोन राहू द्या. ते हळू फिरत असतील तर कपॅसिटर बदला, पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे.

प्रश्न : कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. थोडाफार करंट तर येतोच ना? – एक वाचक, भंडारा

उत्तर : नाही, थोडाफारही येता कामा नये. हे वाचाल त्या क्षणी कूलर बंद करा, प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत लावू नका. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, त्यांत लहान मुलं असतात. वीज वाचवण्याच्या गप्पा त्यानंतर.

लोखंडी पेटी, टाकीत पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि ओल्या फरशीवर अनवाणी पाय. पंपाच्या वायरचं आवरण फाटलं की करंट पेटीत उतरतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर माणसातून जातो. जुन्या घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच जोडलेली नसते. कारागिराकडून तपासून घ्या. अर्थची वायर नळाच्या पाइपला किंवा न्यूट्रलला जोडून ‘जुगाड’ करणाऱ्याला घरात घेऊ नका. अर्थिंगचा खड्डा असेल तर नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू व्हायच्या आधीपासून त्यात रोज बादलीभर पाणी ओता. सुकलेली माती करंट नीट वाहून नेत नाही.

बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि तिच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा, ती पडली पाहिजे. पाणी भरताना प्रत्येक वेळी प्लग काढा, नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. आणि कुणी चिकटलंच, तर त्याला धरून ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा.