गायक आपलीच जुनी गाणी पुन्हा का रेकॉर्ड करतात?
बहुतेकदा हक्कासाठी. गाणं स्वतः लिहिलेलं असलं तरी त्या ठरावीक रेकॉर्डिंगची, म्हणजे 'मास्टर'ची मालकी सहसा कंपनीकडे असते. करारात पुन्हा रेकॉर्ड करण्यावर असलेल्या बंदीची मुदत संपली की गायक तेच गाणं नव्यानं गातो आणि नवा मास्टर स्वतःकडे ठेवतो. टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर २०१९ मध्ये विकले गेले. तिनं २०२१ पासून त्यातले चार पुन्हा गायले. (२०२५ मध्ये जुने मास्टरही विकत घेतले, ते वेगळं!)

आमच्या खानापूरकडच्या भजनी मंडळाचं कारण साधं होतं. कॅसेटला बुरशी लागलेली, आणि पखवाज इतका पुढं की बुवा ऐकूच येत नव्हते. आता बुवांचा आवाज थोडा बसलाय, तरी मला नवंच आवडतं.