वाचक विचारतात : उंदराचा डोस माणसाला?

प्रश्न : मधुमेही उंदरांना वजनाच्या किलोमागे २०० मिलिग्रॅम गुळवेलीचा अर्क दिल्यावर साखर उतरली, असं वाचलं. माझं वजन ७० किलो. मग रोज १४ ग्रॅम घेऊ का? मंगळवार पेठेत पूड मिळते.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : थांबा, अण्णा! असा सरळ गुणाकार चालत नाही. उंदराचं चयापचय झपाट्याचं. म्हणून त्याचा किलोमागचा डोस माणसासाठी साधारण ६.२ने भागतात. २००चे ३२ होतात, तुमचे १४ ग्रॅम सव्वादोनवर येतात. तेही कागदावरच. चाचणीत याहून बरंच कमी देऊन सुरुवात करतात. शिवाय तो आकडा अर्काचा, पुडीचा नव्हे.

आणि त्या उंदरांचा मधुमेह आपणच केलेला असतो. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचलं की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात. प्रयोगशाळेत आम्ही शेपटीच्या टोकाचा थेंब पट्टीवर घेऊन साखर बघायचो. आकडा चढलेला दिसला की मगच अर्क सुरू. पोट सुटून, वयानुसार चढलेली साखर वेगळी.

कोविडच्या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. तरी घ्यायचीच असेल, तर डॉक्टरांना सांगून, यकृताची तपासणी करूनच घ्या. चालू गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका.