शारीरिक ताणामुळे प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या शरीरात हिस्टामिन वाढते का?

उंदरांना जखडून ठेवल्यावर हिस्टामिन (अ‍ॅलर्जी आणि दाहात पेशींतून बाहेर पडणारे रसायन) वाढायला हवे, मग रक्ताच्या नमुन्यात ते वाढलेले का दिसत नाही, असा आपला प्रश्न आहे. हिस्टामिन बहुधा वाढलेले असते. पण ते कोणत्या अवयवात आणि ताणानंतर किती वेळाने मोजले, यावर निष्कर्ष ठरतो, आणि माझ्या मते रक्त ही त्यासाठी सर्वांत कमी भरवशाची जागा आहे. रक्तात आलेले हिस्टामिन काही मिनिटांतच विकरांमुळे नष्ट होते. शिवाय प्राण्याला पकडणे आणि सुई टोचणे हाही ताणच असल्यामुळे, ज्याला आपण ताणमुक्त गट म्हणतो तो खऱ्या अर्थाने तसा राहत नाही.

ऊतींमध्ये मात्र खुणा टिकतात. संशोधक थिओहॅरिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले, की मोठ्या जातीच्या उंदरांना (रॅट) कोणतीही इजा न करता केवळ अर्धा तास जखडून ठेवले तरी मेंदूच्या बाह्य आवरणातील बहुसंख्य मास्ट पेशींच्या (हिस्टामिन कणिकांत साठवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या) कणिका रिकाम्या होतात, आणि मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील सीआरएच या ताणाच्या संप्रेरकाविरुद्धची प्रतिपिंडे आधीच टोचली असतील तर हा परिणाम दिसत नाही. म्हणजे ताणाची वर्दी मेंदूकडून मास्ट पेशींपर्यंत पोहोचवणाऱ्या साखळीत सीआरएचचा वाटा असतो. आतड्यातही मास्ट पेशींचा सहभाग दिसतो. पाण्याने वेढलेल्या छोट्या चौथऱ्यावर प्राण्याला रोज तासभर ठेवल्यास आतड्याचे अस्तर अधिक पारगम्य होते, पण मास्ट पेशी नसलेल्या उंदरांत तसे होत नाही. (हा ताण शारीरिकपेक्षा मानसिक अधिक आहे, दोन्ही वेगळे करणे वाटते तितके सोपे नाही.)

प्रत्येक वाढ मास्ट पेशींच्या खात्यावर टाकू नये. उंदराच्या जठरातील बहुतांश हिस्टामिन आम्लस्रावाशी संबंधित वेगळ्या पेशींत असते, तर मेंदूत ते चेतापेशींतूनही स्रवते. दीर्घ शारीरिक श्रमांनंतर स्नायूंमध्ये हिस्टिडिन डीकार्बोक्सिलेज हे विकर वाढते आणि हिस्टामिन नव्याने तयार होते. ही वाढ साठ्यातून झटकन मोकळ्या होणाऱ्या हिस्टामिनपेक्षा सावकाश होते. याउलट ताणातच वाढणारी अ‍ॅड्रेनालिन आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड ही संप्रेरके मास्ट पेशींना आवर घालतात, त्यामुळे उशिरा घेतलेल्या नमुन्यात परिणाम दबलेला दिसू शकतो.

आपल्या जागी मी असतो तर रक्तवाहिनीत नळी आधीच बसवून, प्राणी शस्त्रक्रियेतून सावरल्यानंतरच नमुने घेतले असते, नियंत्रण गटालाही तेवढेच हाताळले असते आणि पहिला नमुना ताण सुरू होताच काही मिनिटांत घेतला असता. रक्ताच्या जोडीला ऊतींचे काप टोल्युइडिन ब्लूने रंगवून रिकाम्या झालेल्या मास्ट पेशी मोजाव्यात. आणि मेंदूपुरता प्रश्न असेल तर हिस्टामिनपेक्षा त्याच्या विघटनातून तयार होणारे टेली-मिथाइलहिस्टामिन मोजणे अधिक उपयोगी ठरते.