वाचकांचे प्रश्न : नाचणारे काटे आणि अधूनमधून उडणारे फ्यूज

प्रश्न : माझी १९९४ची अँबॅसॅडर आहे. हेडलाइट लावले की पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्हींचे काटे थोडे वर सरकतात. दिवे बंद केले की पुन्हा खाली. टाकीतला फ्लोट दोनदा बदलून झाला. आता गॅरेजवाला अख्खा मीटर बदलायला सांगतोय. बदलू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : इतक्यात नको. फ्लोट बदलण्याचंही कारण नव्हतं. फ्लोटचा संबंध फक्त पेट्रोलच्या काट्याशी असतो. दोन काटे एकाच वेळी, एकाच दिशेने चुकत असतील तर दोष दोघांच्या सामायिक भागात शोधायचा, म्हणजे मीटरला येणारा करंट किंवा मीटरचं अर्थिंग, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारा जोड. त्यातही दिवे लावल्यावरच फरक पडतोय, त्यामुळे पहिला संशय अर्थिंगवर.

मीटरमधल्या छोट्या बल्बांचा करंटही त्याच अर्थिंगने परत जातो. तिथे गंज किंवा रंग असेल तर करंटला वाट पुरत नाही आणि मीटरची बॉडी शून्य व्होल्टवर न राहता अर्धा-एक व्होल्ट वर उचलली जाते. टाकीतल्या आणि इंजिनवरच्या सेंडरचं, म्हणजे काट्याला माप पाठवणाऱ्या भागाचं, अर्थिंग मात्र ठीक असतं. या फरकामुळे काटे खोटं दाखवतात. डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या गाडीत हे हमखास होतं, कारण मीटर जिथे बसतो त्या पत्र्यावरही रंगाचा थर चढलेला असतो.

खात्री करायला मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक मीटरच्या बॉडीला किंवा अर्थच्या बोल्टला, काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. स्विच ऑन, सगळे दिवे लावा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. ०.५ दिसला तर चोर सापडला. ही तपासणी ओहमवर, म्हणजे रोध मोजून, करू नका. वायरचा एकच तंतू शाबूत असला तरी ओहममध्ये शून्यच दिसतं. प्रत्यक्ष करंट वाहायला लागला की तो तंतू पुरा पडत नाही.

उपाय स्वस्त आहे. १.५ चौरस मिलिमीटरची काळी वायर घ्या, दोन्ही टोकांना गोल थिंबल (बोल्टमध्ये बसणारी धातूची कडी) दाबा. एक टोक मीटरच्या अर्थला, दुसरं डॅशबोर्डमागच्या पक्क्या बोल्टला. बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, बोल्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत उघडा सोडलेला जोड लवकरच पुन्हा कळकतो.

यानेही काटे ताळ्यावर आले नाहीत तर काट्याची चाल पाहा. अँबॅसॅडर १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४पर्यंत निघत होती, मध्ये मीटर बदलत गेले, त्यामुळे तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते चालीवरून ओळखणंच बरं. स्विच ऑन केल्यावर काटा काही सेकंद घेत सावकाश चढत असेल तर तो आत तापणाऱ्या पट्टीवर चालणारा आहे. झटक्यात जागेवर जात असेल तर चुंबकी. सावकाश चालणाऱ्या प्रकारात मीटरमागे बहुधा आगपेटीपेक्षा लहान अशी एक डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिचे संपर्क सतत उघडझाप करून काट्यांना सरासरी १० व्होल्टच्या आसपास देतात. डबीचं अर्थिंग गेलं की तिच्या आतलं वेटोळं तापतच नाही, संपर्क उघडत नाहीत आणि काट्यांना सरळ बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो. मग दोन्ही काटे चढे दाखवतात आणि रेस दिली की आणखी चढतात. आउटपुट आणि अर्थ यांच्यात मीटरमधलाच एक छोटा बल्ब लावून पाहा. लुकलुकला तर डबी जिवंत आहे. एकसारखा पेटून राहिला तर संपर्क चिकटलेत किंवा डबीला अर्थ नाही. डिजिटल मल्टीमीटरवर इथे आकडे नुसते उड्या मारतात, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

डबी मेली असेल आणि ती १० व्होल्टचीच असेल तर लॅमिंग्टन रोडवर मिळणारा ७८१० क्रमांकाचा रेग्युलेटर तिच्या जागी चालतो. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याची धातूची पाठ अर्थला जोडलेली असते, ती पत्र्यावर घट्ट आवळा म्हणजे उष्णताही निघून जाते. काही गाड्यांत स्टॅबिलायझर कमी व्होल्टचा असतो, म्हणून जुन्या डबीवरचा आकडा वाचल्याशिवाय खरेदी नको.

प्रश्न : कार्बोरेटरवाली मारुती ८००. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर खड्डा आला की टेंपरेचरचा काटा एकदम एच्‌पर्यंत जातो, पुढच्या खड्ड्याला परत मध्यावर. सेंडर नवीन आहे, बसवताना गळती होऊ नये म्हणून टेप गुंडाळली होती.
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : इंजिन क्षणात उकळत नाही आणि क्षणात गारही होत नाही. खड्ड्यागणिक उड्या मारणारा काटा वायरचं दुखणं सांगतो. तरीही आधी गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून पाणी पाहा आणि पंखा वेळेवर सुरू होतो का ते तपासा. पाणी खूप कमी झालं तर सेंडर कोरडा पडतो आणि काटा उलट गार दाखवतो, ही गोष्ट अनेक इंजिनांचा घात करते.

या प्रकारच्या एकवायरी सेंडरचा रोध तापल्यावर कमी होतो. म्हणजे वायर सुटली तर काटा तळाला, वायर पत्र्याला टेकली तर थेट एच्‌. तुमच्याकडे दुसरा प्रकार आहे. सेंडरपासून निघणारी वायर कुठे इंजिनच्या कडेला घासते, कुठे एग्झॉस्टजवळ तिचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलंय, हे बोटाने चाचपत जा. स्विच ऑन, इंजिन बंद, एकजण काट्यावर नजर ठेवून आत बसलेला, दुसरा बोनेटखाली वायर वीत-वीत अंतराने हलवतोय, अशी तपासणी करा. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर जिथे आत शिरते तिथलं रबरी बुश गायब असेल तर बहुतेक तिथेच सापडेल. चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका. इंजिनच्या उष्णतेत ती सुटते. तेवढा तुकडा बदलून वर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा.

टेपचं वेगळं. हा सेंडर आपल्या आट्यांमधूनच अर्थ घेतो. आट्यांवर टेपचे थर चढवले की अर्थिंग कच्चं राहतं आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. तुमचा दोष दुरुस्त झाल्यावर हा दुसरा उघडा पडेल, म्हणून टेप आताच काढा आणि मूळचा वॉशर घाला.

प्रश्न : पद्मिनीचा ब्रेकलाइट-इंडिकेटरचा फ्यूज मध्येच उडतो, पावसाळ्यात जास्त. इलेक्ट्रिशियनने कंटाळून ८ अँपिअरच्या जागी जाडी तार गुंडाळून दिली.
– एक वाचक, माझगाव

उत्तर : ती तार आज काढा. फ्यूज जळायला हवा तिथे आता वायरिंग जळेल.

जळालेले फ्यूज फेकले नसतील तर ते बघा. पट्टी मधोमध तुटली असेल तर करंट जास्त वाहिला. टोकापाशी वितळली असेल आणि क्लिप तपकिरी पडली असेल तर शॉर्ट नाहीच, क्लिप सैल आहे आणि तिथल्या उष्णतेने फ्यूज वितळतोय. पद्मिनीच्या निमुळत्या टोकांच्या फ्यूजमध्ये हे फार. बॅटरीचा निगेटिव्ह काढून क्लिप बारीक पॉलिश पेपरने घासा, पकडीने हलकेच आत दाबा.

शॉर्टच असेल तर फ्यूजमागून फ्यूज खर्च करू नका. २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि फ्यूजच्या जागी जोडा. शॉर्ट झाला तरी बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही. स्विच ऑन ठेवा, ब्रेकवर पाय नको, इंडिकेटर बंद. बल्ब विझलेला हवा. भगभगीत पेटला की समजा शॉर्ट या क्षणी हजर आहे. आता वायरिंग हलवत जा : डिकीची बिजागरी, मागच्या सीटखालचा गालिचा, टेललाइटचा होल्डर, ब्रेकचा स्विच, स्टिअरिंग कॉलम. जिथे हात लागताच बल्ब मंदावतो किंवा विझतो तिथे थांबा. पावसात वाढतंय म्हणून सुरुवात टेललाइटपासून करा. काचेखालचं रबर वाळलं की आत पाणी साचतं आणि होल्डरमध्ये हिरवा कळंक चढतो. मिलन सबवे किंवा हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर गालिचा उचलल्याशिवाय पुढे जाऊच नका.

प्रश्न : ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद होतो आणि टेललाइटही त्याच्याबरोबर लुकलुकतो.
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : त्या बाजूच्या टेललाइटचं अर्थिंग गेलंय. करंट दुसऱ्या बल्बातून वाट काढतोय. होल्डरपासून बॉडीपर्यंत नवी अर्थ वायर टाका. इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बदलू नका.

प्रश्न : ओम्नी दादरला रस्त्यावर चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. बॅटरी नवीन, ३५ अँपिअर-अवरची.
– एक वाचक, दादर

उत्तर : आधी चार्जिंग पाहा : इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. ते ठीक असेल तर उभ्या गाडीत करंट गळतोय. निगेटिव्ह टर्मिनल काढा, मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर टर्मिनल व बॅटरीच्या मध्ये जोडा. दारं बंद, चावी बाहेर. या स्थितीत सेल्फ चुकूनही मारू नका, मीटर जाईल. आकडा ०.०५ अँपिअरच्या आत हवा. अशा जुन्या गाडीत खरं तर त्याहून बराच कमी. ०.३ निघाला तर दिवसाला सात अँपिअर-अवर जातात, म्हणजे अडीच दिवसांत अर्धी बॅटरी रिकामी.

मग एकेक फ्यूज काढा आणि आकडा कशाने पडतो ते पाहा. नंतर बसवलेला स्टीरिओ, सेंट्रल लॉक किंवा चोरघंटी यांच्यावर पहिली नजर, कारण त्यांच्या वायर बऱ्याचदा थेट बॅटरीवरून घेतलेल्या असतात. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर निगेटिव्ह सुटलेला असतानाच बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची जाड वायर सोडा, टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा पडला तर अल्टरनेटरचा डायोड गळतोय. पूर्ण अल्टरनेटर न घेता फक्त डायोड प्लेट बदलून मिळते.